तिसऱ्या वचनाच्या बाई

शरणपुरात पगारेबाईंना कुणी नावानं हाक मारत नसे. भाजीवाली, पोस्टमन, मिशनच्या मराठी शाळेतली मुलं, त्या मुलांचे बाप, जे स्वतः कधीकाळी त्यांच्या हातची छडी खाऊन गेलेले, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. बाई. त्यांचं नाव सुलाबाई आहे हे शेजारच्या लताबाईंना आणि देवळाच्या नोंदवहीला तेवढं ठाऊक. यात नवल काही नव्हतं. शाळेत शिकवणाऱ्या बाईला सगळं गाव बाईच म्हणतं. नवल एवढंच होतं, की त्यांचा पोटचा मुलगाही त्यांना बाई म्हणायचा. बाई, आणि तुम्ही.

त्याचं झालं असं. एकाहत्तरच्या जूनमध्ये शांतवन चौथीत आला. त्याचे वडील कंपाउंडर होते, तो तीन वर्षांचा असतानाच काविळीनं गेले. तेव्हापासून मिशन कंपाउंडमधल्या दोन कौलारू खोल्यांत हे दोघंच. शाळेत चौथीची तुकडी एक, आणि तिला शिकवणाऱ्या सुलाबाई. पहिल्याच दिवशी शांतवननं बाकावरून हात वर केला.

"आई, मी पाणी पिऊन येऊ?"

वर्ग हसला. तशी मुलं चुकून बाईंना आई म्हणतातच. दर जूनमध्ये दोन-चार जण म्हणत, वर्ग हसे आणि सुलाबाई म्हणत, "आई घरी. इथं बाई." त्या दिवशीही सवयीनं तेच तोंडातून गेलं. पण या मुलाची आई घरी नव्हती, इथंच होती. तो गोंधळून उभा राहिला.

"काय म्हणायचं?" सुलाबाईंनी विचारलं. आपलंच पोर म्हणून सोडलं तर उद्या बाकीच्यांचे आईबाप बोलायला मोकळे.

"बाई."

"नीट विचार."

"बाई, तुम्ही मला पाणी प्यायला सोडता का?"

"जा."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो चुलीपाशी येऊन म्हणाला, "बाई, भूक लागली." सुलाबाई हसल्या. लताबाईंना बोलावून सांगितलं, त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवाळीपर्यंत गंमत संपली आणि सवय राहिली. पाचवीला तो दुसऱ्या शाळेत गेला, पण शब्द तोच राहिला.

"काय गं सुला," लताबाई म्हणत, "पोरगं जेवताना हात वर करून भाकरी मागतं का? की घरी तेवढं माफ आहे?"

"तुझा सुरेश तुला 'ए' म्हणतो, ते बरं का?"

"ए म्हणतो, पण गळ्यात पडतो गं."

सुलाबाई वह्यांचा गठ्ठा पुढं ओढत.

शुभ शुक्रवारी बारा ते तीन देवळात उपासना असे. क्रुसावर प्रभूनं उच्चारलेली सात वचनं, एकेकावर मंडळीतल्या एकेकानं वीस मिनिटं बोलायचं, मग एक गीत. वचनाची वीस मिनिटं भरली की फकिरा घंटेचा एकच ठोका द्यायचा. फकिरा शाळेचाही शिपाई आणि देवळाचाही, दोन्हीकडची घंटा त्याच्याच हातात. कुणाकडे कोणतं वचन, ते त्याआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी देवळाच्या दाराला कागद लागला की कळे. पहिलं, क्षमेचं, पाद्रीसाहेब स्वतःकडे ठेवत. पाचवं, तहानेचं, आखूड म्हणून नवख्यांना. तिसरं नेहमी बाईमाणसाला, कारण त्यात आई आहे. क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईला प्रभूनं वरून हाक मारली आणि तिच्या शेजारच्या शिष्याला दाखवून सांगितलं, की आता हा तुझा मुलगा. पण हाक मारली ती 'आई' अशी नाही. 'बाई' अशी.

चौऱ्याहत्तर साली तिसरं वचन पहिल्यांदा सुलाबाईंकडे आलं आणि मग त्यांचंच झालं. त्यांनी शंभर पानी वहीत सुवाच्य अक्षरात भाषण लिहून काढलं आणि दरवर्षी तेच वाचलं. मरणाच्या दारात मुलानं आईला परक्यासारखं बाई का म्हणावं, असं पुष्कळांना वाटतं. पण बाई हा परका शब्द नाही, मानाचा शब्द आहे. 'माझा शांतवन मला बाई म्हणतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.' इथं मंडळी माना वळवून तिसऱ्या बाकाकडे बघे, आणि शांतवन आपल्या पायाच्या अंगठ्याकडे.

"बाई, दरवेळी माझं नाव कशाला घेता तुम्ही?" परत येताना तो म्हणे.

"उदाहरण लागतं."

"दुसऱ्या कुणाचं घ्या की."

"दुसऱ्या कुणाचा मुलगा म्हणतो आईला बाई?"

तो पुढं चालू लागे.

आयटीआय करून तो अंबडच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला. पहिला पगार झाला त्या दिवशी साडी घेऊन आला, मोरपंखी, बारीक काठाची. "बाई, तुमच्यासाठी." सुलाबाईंनी घडी उलगडली आणि कसं कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता मोठा झालास. घरात आई म्हणत जा की."

तो उभा राहिला. तोंड उघडलं. "आ..." म्हणाला आणि थांबला. दोघांनाही कसंसंच झालं, दार न वाजवता कुणी आत यावं तसं. मग तो हसला. "नाही जमत, बाई."

"राहू दे," सुलाबाई म्हणाल्या, आणि साडीची घडी पुन्हा होती तशी घातली.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात, शांतवन दुपारच्या पाळीला सायकलवरून निघाला आणि अंबडच्या फाट्यावर ट्रकनं त्याला उडवलं. बरोबरच्या कामगारानं त्याला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात आणलं, वॉर्डात पोचवलं आणि निरोप द्यायला तो शाळेकडे पळाला.

फकिरा वर्गाच्या दारात आला तेव्हा फळ्यावर भागाकार अर्धा झाला होता.

"बाई, एक माणूस आलाय. शांतवनला लागलंय म्हणतो. दवाखान्यात हाय."

लागलंय. लेथवर काम करणाऱ्या मुलाला आठवड्याला काही ना काही लागतंच. मागच्याच महिन्यात बोटाला तीन टाके पडले होते आणि तो ते बोट वर धरून हसत घरी आला होता.

"तास संपू दे," सुलाबाई म्हणाल्या. "आलेच म्हणावं."

फकिरा जरा घुटमळला, मग गेला. सुलाबाईंनी भागाकार पुरा केला, बाकी काढली, ताळा करून दाखवला. गणित अर्ध्यावर सोडलं तर मुलं तसंच उतरवून घेतात. वीस मिनिटांनी घंटा झाली. खडूचे हात धुऊन, पर्स घेऊन त्या बाहेर आल्या, त्या माणसाचं तोंड पाहिलं, आणि मग मात्र रिक्षा मिळेपर्यंतही त्या उभ्या राहिल्या नाहीत, चालतच सुटल्या.

वॉर्डात चादर तोंडावरून ओढून झाली होती.

"आत्ताच," डॉक्टर म्हणाला. "दहा मिनिटं झाली असतील."

"जवळ कोण होतं?"

"तुमचा माणूस तर तुम्हाला आणायला गेला होता ना," डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या पलंगाकडे वळला.

सुलाबाई रडल्या नाहीत. दफनाच्या वेळी नाहीत, नंतरही नाहीत. पहिले आठ दिवस लोकांनी वाट पाहिली. नातेवाईक बायका मुद्दाम जवळ बसून शांतवनच्या लहानपणच्या गोष्टी काढत, स्वतः रडत आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. सुलाबाई ऐकून घेत आणि चहा टाकायला उठत. नवव्या दिवशी शाळेत गेल्या. सहामाहीच्या राहिलेल्या वह्या तपासल्या, एक काना-मात्रा सुटली नाही. नाताळात मुलांचं नाटक बसवलं. मोरपंखी साडी नेसल्या, कारण दुसरी इस्त्रीची नव्हती.

जानेवारीत एकदा लताबाई जेवायला बसल्या आणि पहिल्याच घासाला थांबल्या.

"सुला, यात मीठ नाही."

"नाही का?"

"चिमूटभरही नाही. तुला कळत नाही?" त्यांनी आमटी चाखली. तीही तशीच. "कधीपासून अशी खातेस गं?"

सुलाबाईंनी आठवून पाहिलं. सांगता येईना. त्यांनी मिठाची बरणी काढली, ती काठोकाठ भरलेली होती. लताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "रड गं एकदा," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी रड."

"येत नाही," सुलाबाई म्हणाल्या. एखादं गाणं येत नाही म्हणावं तसं.

सगळ्या अंगात एकच जागा जिवंत राहिली होती आणि ती एका प्रश्नाएवढी होती. शेवटी त्यानं हाक मारली असेल, तर काय म्हणून? माणूस जाताना लहान होतो म्हणतात. नऊ वर्षांचा व्हायच्या आधी तो आई म्हणत होता. तिथवर मागं गेला असेल का? जवळ कुणी नव्हतं, तेव्हा सांगणारंही कुणी नव्हतं. आणि प्रश्नाच्या खाली ती वीस मिनिटं होती. कंपाउंडमध्ये ती फकिराला तेवढी ठाऊक. तेव्हापासून फकिरा त्यांच्यासमोर आला की जमिनीकडे बघून बोलत असे.

उपवासकाळ सुरू झाला तसे पाद्रीसाहेब घरी आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बराच वेळ उन्हाबद्दल बोलले.

"बाई, यंदा तिसरं वचन दुसऱ्या कुणाकडे देऊ का? तुम्ही पाचवं घ्या हवं तर. तहानेचं. आखूड आहे."

"तिसरं माझं आहे."

"मंडळीला वाटतं, तुम्हाला त्रास होईल."

"कसला त्रास? लिहिलेलं आहे, पाद्रीसाहेब. वाचायचंच तर आहे."

पाद्रीसाहेबांनी शेजारी बसलेल्या लताबाईंकडे पाहिलं. लताबाईंनी पदर सारखा केला. तिसरं वचन सुलाबाईंकडे राहिलं, पण कंपाउंडमध्ये बायका कुजबुजू लागल्या. त्या ओळीला आल्यावर काय करतील? 'माझा शांतवन मला बाई म्हणतो'?

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी महिला मंडळ सरकारी दवाखान्यात केळी वाटायला जाई. यंदाही गेलं. पुरुषांच्या वॉर्डाच्या दारात लताबाईंनी सुलाबाईंचा हात धरला.

"तू बाहेर थांब."

"थांबून काय करू?" सुलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. उजवीकडचा चौथा पलंग, शांतवनचा. त्यावर पाय टांगलेला एक म्हातारा होता. त्यांनी त्याला केळी दिली. तो म्हणाला, "दोन द्या." त्यांनी दोन दिली. बाकी काही झालं नाही.

"ए बाई! भांडं आण!" कोपऱ्यातून कुणी तरी ओरडलं.

सुलाबाईंनी मान वळवली. त्याच वेळी फरशी पुसणाऱ्या आयानंही वळवली. पन्नाशीची, ठेंगणी बाई, दवाखान्याच्या निळ्या साडीखालून पांढऱ्या नव्या साडीचा काठ दिसत होता.

"तुम्हाला न्हाय, मला," ती हसून म्हणाली. "हितं आम्ही समद्या बाईच." भांडं पोचवून ती परत आली. "केळी वाटताय, सन हाय का तुमचा? आमचा बी हाय आज. जयंती. चारला सुटी झाली की ही साडी उतरवायची आन् मिरवणुकीत. नातीला लेझीममध्ये घेतलीय."

लताबाईंनी तिला जरा बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, "यांना जास्त बोलवू नका. यांचा मुलगा याच वॉर्डात गेला. नोव्हेंबरात. सायकलवाला."

"अंबडच्या फाट्याचा?" आया मोठ्यानं म्हणाली. हलकं बोलणं तिला माहीतच नव्हतं. "निळ्या शर्टाचा? आगं आई गं! त्याची माय व्हय तुम्ही?"

"शेवटी एकटाच होता," सुलाबाई म्हणाल्या. का म्हणाल्या कोण जाणे. पाच महिन्यांत हे वाक्य त्यांनी कुणासमोर उच्चारलं नव्हतं.

"एकला? कोण म्हणलं एकला व्हता? म्या व्हते की!" आयानं फडकं बादलीत टाकलं आणि हात साडीला पुसले. "त्याचा जोडीदार गेला ना निरोप द्यायला, तवा म्या हितंच पुसत व्हते. पोरगं डोळं मिटून 'बाई, बाई' करत व्हतं. आता वार्डात बाई म्हंजी आम्हीच. म्या म्हटलं, काय रे बाळा? तर डोळं न उघडता म्हणतंय, 'बाई, तुम्ही आलात?' तुम्ही! मला! अठरा वर्सं झाली हितं. ए बाई, भांडं आण. ए बाई, फडकं मार. डागदर बी तसंच आन् मरणारा बी तसंच. तुम्ही म्हणणारा त्यो एकलाच. म्हणून तर ध्यानात राहिला."

सुलाबाईंच्या हातात केळ्यांचा घड होता.

"म्या म्हटलं, आले रे, हितंच हाय. हात धरून बसले. मंग जरा वेळानं म्हणला, 'बाई, तास संपला का?' आता कसला तास, मला काय म्हाईत. कंपनीतलं असंल कायतरी. म्या म्हटलं, संपला बाळा, संपला. मंग गप झाला. हात काय सोडला न्हाय." तिनं आपला उजवा हात वर करून पाहिला, जणू त्यावर काही राहिलं असेल. "आईवानी मानलं बघा त्यानं मला. दोन घटकाचं पोरगं, पन लय गुणाचं."

लताबाईंनी सुलाबाईंचं कोपर घट्ट धरलं होतं. त्यांना सगळं कळलं होतं, फक्त तो 'तास' सोडून. तो सुलाबाईंना कळला. उत्तर मिळालं होतं. आई नाही. बाई. आणि ती हाक ऐकून एक बाई आलीही होती.

'तो मला म्हणत होता.' वाक्य जिभेवर येऊन बसलं. पाच शब्दही नाहीत. समोर आयाचा चेहरा होता, घामेजलेला, अठरा वर्षांत एकदा मिळालेल्या मानानं अजून उजळलेला.

"केळी घ्या," सुलाबाई म्हणाल्या. आयाला त्या 'घे' म्हणणार होत्या, 'घ्या' आलं. "नाव काय तुमचं?"

"नवसाबाई." तिनं दोन्ही हातांनी केळी घेतली. "कुठं ठिवलंय त्याला?"

"आमच्या दफनभूमीत. पुढच्या रविवारी, ईस्टरच्या पहाटे, आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो."

"आम्ही बी लावतो की. बुद्धापुढं," नवसाबाई म्हणाली. "रविवारी माझी दुपारपाळी हाय."

शुभ शुक्रवारी ऊन असं होतं, की देवळाचे दगडसुद्धा तापले होते. वेदीवर काळं कापड. बायका सगळ्या पांढऱ्या साड्यांत. पहिलं वचन झालं, दुसरं झालं, दोन्ही वेळा फकिराचा एकेक ठोका. मग सुलाबाई वही घेऊन उभ्या राहिल्या. चष्मा लावला आणि नेहमीच्या आवाजात वाचू लागल्या. मरणाच्या दारात मुलानं आईला परक्यासारखं बाई का म्हणावं. बाई हा परका शब्द नाही. मानाचा शब्द आहे. पान उलटलं.

'माझा शांतवन मला बाई म्हणतो.'

म्हणतो. सुलाबाई थांबल्या. चौथीच्या मुलानं असं लिहिलं असतं तर त्यांनी लाल पेन्सिलीनं खूण केली असती. म्हणायचा. पण तसं वाचलं तर पुढचं वाक्यही बदलावं लागलं असतं, आणि त्याच्या पुढचंही. कुठून तरी एक चिमणी आत शिरली होती, ती खिडकीच्या काचेवर आपटत होती. मंडळी सवयीनं तिसऱ्या बाकाकडे वळू पाहत होती आणि मध्येच थांबत होती.

त्यांनी वही मिटली.

"प्रभूनं हाक मारली तेव्हा त्याची आई तिथं उभी होती," त्या म्हणाल्या. "हाक ऐकू येईल एवढी जवळ. मी नव्हते. मला निरोप आला होता. मी म्हटलं, तास संपू दे."

त्यांनी चष्मा काढला.

"त्याला दुसऱ्या बाई भेटल्या. त्यांनी ओ दिली."

आणि त्या बसल्या.

सात-आठ मिनिटं झाली असतील, वीस व्हायची होती. बाईंच्या मनावर परिणाम झालाय, असं मागच्या बाकांवर कुणीतरी पुटपुटलं. पाद्रीसाहेबांनी पेटीवाल्याकडे पाहिलं, पेटीवाल्यानं दोराजवळ उभ्या असलेल्या फकिराकडे. ठोका पडल्याशिवाय गीत कसं सुरू करणार? पाद्रीसाहेबांनी मान हलवून खूण केली. फकिरानं ती पाहिली आणि दोर धरून तसाच उभा राहिला. राहिलेली सगळी मिनिटं तो तसाच उभा होता. देवळात नुसती चिमणी आणि लताबाईंचं रडणं. सुलाबाई ताठ बसून समोरच्या काळ्या कापडाकडे बघत होत्या. वीस मिनिटं पुरी झाली तेव्हा फकिरानं ठोका दिला.

तीन वाजता सगळे बाहेर पडले. फकिरा चपलांच्या ढिगाशी थांबला होता.

"बाई," तो म्हणाला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यानं वर पाहिलं, "मी त्या दिवशी दारातून जायला नव्हतं पायजे. पुन्हा बोलायला पायजे होतं."

"मीच जा म्हटलं होतं, फकिरा."

"तरी बी."

"चपला काढून दे माझ्या. त्या खाली आहेत."

त्यानं काढून दिल्या.

रविवारी पहाटे दफनभूमीत माणसांआधी मेणबत्त्या दिसत होत्या. आठवडाभरात सगळ्या कबरींना चुना दिलेला, त्यामुळे अंधारातही ओळी कळत होत्या. शांतवनच्या कबरीला अजून दगड नव्हता, मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. त्यालाही फकिरानं चुना दिला होता, कुणी न सांगता. लताबाईंनी मोगऱ्याची ओंजळ ठेवली. सुलाबाई मेणबत्ती लावत होत्या तेवढ्यात फाटकापाशी नवसाबाई दिसली, त्याच पांढऱ्या साडीत, हातात मेणबत्त्यांचा पुडा, कुणाला विचारावं म्हणून घोटाळत.

"इकडे या," सुलाबाईंनी हाक दिली.

ती आली, चपला दूर काढून. कबरीला हात जोडले. पुड्यातली एक मेणबत्ती काढून पेटवू लागली. पण पहाटेचा वारा होता आणि माणसं एकामागून एक येत होती.

"बाई, प्रभू उठला आहे!" पाद्रीसाहेब.

"खरोखर उठला आहे," सुलाबाई.

"बाई, प्रभू उठला आहे!" पेटीवाले, त्यांची बायको, त्यांची सून. चौथीतल्या दोन मुली पळत आल्या, "बाई, बाई, प्रभू उठला आहे!" आणि पळत गेल्या. फकिरा आला. "बाई."

नवसाबाईची काडी विझली. तिनं दुसरी ओढली नाही.

"समदे तुम्हालाच बाई म्हणत्यात?"

"शाळेत शिकवते ना मी."

"शाळेत." नवसाबाई हातातल्या काडीकडे बघत राहिली. "म्हंजी तास असत्यात तुमचं."

"असतात."

पलीकडच्या कबरीवर गीत सुरू झालं होतं. नवसाबाईनं आपला उजवा हात पदराखाली घेतला.

"मंग पोरगं?" तिनं विचारलं. आवाज पहिल्यांदाच हलका झाला होता. "त्यो काय म्हणायचा तुम्हाला?"

लताबाई वाकून फुलं नीट करत होत्या, त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. दहा वर्षं त्यांनी ते भाषण ऐकलं होतं. इथं जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

"आई," सुलाबाई म्हणाल्या. "आई म्हणायचा. ए आई, तू."

नवसाबाईनं श्वास सोडला. "तेच म्हटलं," ती म्हणाली. "घरात कोण बाई म्हणंल?" तिनं दुसरी काडी ओढली, मेणबत्ती पेटवली आणि ती क्रुसाच्या पायाशी मातीत रोवू लागली. ज्योत आडवी झाली.

लताबाई सावकाश उभ्या राहिल्या. सुलाबाईंकडे पाहिलं.

"वारा आहे," त्या म्हणाल्या. "आडोसा धर, सुला."

सुलाबाई खाली बसल्या आणि त्यांनी नवसाबाईच्या मेणबत्तीभोवती दोन्ही हात धरले. ज्योत सरळ झाली. तळव्यांना ऊब लागतेय की नाही, हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. पण त्यांनी हात काढले नाहीत.